दुखऱ्या पायाची साक्ष

1896 सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती हॉकिन्स यांच्यापुढे एक दावा उभा राहिला. फिर्यादी होती मिस फॉलियट नावाची विनोदी नाटकांत काम करणारी नटी. आदल्या सप्टेंबरात नॉटिंगहॅमच्या नाट्यगृहात तिचा प्रयोग चालू होता. पहिला अंक संपल्यावर कपडे बदलायला म्हणून ती रंगपटाकडे निघाली आणि जिन्यावरून पडली. पाय दुखावला. जवळजवळ महिनाभर ती अंथरुणावर होती आणि त्यानंतरही तिला रंगमंचावर उभे राहता येईना. नुकसानभरपाईसाठी ती न्यायालयात गेली. पण पाय नेमका किती दुखावला आहे आणि मुळात दुखावला आहे का, हे सिद्ध कसे करायचे? ही तर नटीच. लंगडण्याचे सोंग तिच्याइतके चांगले दुसरे कोण आणणार!

तिला इस्पितळात पाठवून तिच्या दोन्ही पायांची क्ष-किरणचित्रे घेण्यात आली होती. त्या काचा न्यायालयात दाखवल्या गेल्या. डाव्या पावलातले क्युबॉइड नावाचे हाड जागेवरून सरकलेले होते आणि शेजारच्या निरोगी उजव्या पायाशी ताडून पाहिल्यावर तो फरक न्यायाधीशांना आणि पंचांना, वैद्यकाचा गंध नसतानाही, कळला. मग दुखापतीबद्दल वाद घालण्यासारखे काही उरले नाही. पडण्यात तिचा स्वतःचाच निष्काळजीपणा होता, एवढाच बचाव प्रतिवादीच्या हाती राहिला.

रॉन्टगेनने वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत हे किरण पहिल्यांदा पाहिले ते 8 नोव्हेंबर 1895 रोजी. म्हणजे मिस फॉलियट जिन्यावरून पडली तेव्हा त्या किरणांचा शोधही लागलेला नव्हता आणि तिचा खटला उभा राहिला तेव्हा ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभे होते. क्ष-किरणांचा इतिहास सांगताना सगळे जण रॉन्टगेनच्या पत्नीच्या हाताचे, बोटात अंगठी असलेले ते चित्र छापतात. हात छायाचित्राला सोयीचा असतो, पातळ असतो, काचेवर सपाट ठेवता येतो. मला मात्र या इतिहासात पाय जास्त बोलका वाटत आला आहे. याचे कारण, 'दुखतंय' म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न पायाच्या बाबतीत सतत उभा राहिला. शिपाई असो, नटी असो की आपण, पाय मुरगळला म्हणजे चालता येत नाही, आणि चालता येत नाही म्हणजे कामावर जाता येत नाही. कामावर न जाणाऱ्याकडे जग संशयानेच बघते.

(जाता जाता एक. रॉन्टगेनने अज्ञात राशी म्हणून या किरणांना 'एक्स' म्हटले. मराठी बीजगणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणायची पद्धत होती, म्हणून आपल्याकडे ते 'क्ष-किरण' झाले. इतके अचूक भाषांतर विज्ञानाच्या मराठीत फार वेळा झालेले नाही.)

एका पावलात सव्वीस हाडे असतात. घोट्याशी नडगीचे हाड आणि तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड ही दोन मिळून एक खाच करतात आणि त्या खाचेत पावलाचे वरचे हाड बसते. सांधा भोवतालच्या घट्ट बंधांनी बांधलेला असतो. पाय मुरगळला की बहुतेक वेळा हे बंधच ताणले किंवा फाटले जातात. कधी कधी बंध टिकतो आणि ज्या हाडाला तो चिकटलेला असतो त्याचाच टवका निघतो. दोन्ही प्रकारांत घोटा सारखाच सुजतो, सारखाच काळानिळा पडतो. वरून पाहून हाड आणि बंध यांतला फरक सांगणे कठीण.

क्ष-किरणांच्या आधी वैद्यांनी हा फरक ओळखला तो बोटांनी आणि कानांनी. दुखऱ्या भागावर दाब देऊन बघायचे आणि मोडलेल्या टोकांचा कटकट आवाज येतो का ते ऐकायचे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1768 साली अस्थिभंगांवर जे पुस्तक लिहिले त्यात घोट्याच्या मोडीचे वर्णन आहे. त्या मोडीला आजही त्यांचे नाव लावतात. याच्याशी एक गोष्ट हमखास जोडली जाते: 1756 साली पॉट घोड्यावरून पडले, पायाचे हाड मोडले, आपल्याला धड हाताळले जाणार नाही या भीतीने त्यांनी जागेवरच एक दार विकत आणवले आणि त्यावर आडवे होऊन घरी गेले. पाय कापायचे ठरत असताना त्यांचे गुरू नूर्स यांनी तो वाचवला. गोष्ट छान आहे, पण पॉट यांचा स्वतःचा अस्थिभंग तो 'पॉटचा अस्थिभंग' नव्हे. त्यांचे हाड कातडी फोडून बाहेर आले होते. ती दुखापत घोट्याच्या नेहमीच्या मोडीहून फार वेगळी. आपल्या नावाची मोड त्यांनी दुसऱ्यांच्या पायांत पाहिली. पुढे पॅरिसच्या द्युपुइत्रां यांनी शवांचे घोटे मुद्दाम पिळून कोणत्या दिशेने ताण दिला की कोणते हाड कुठे मोडते याचा अभ्यास केला. जिवंत माणसाच्या घोट्यात डोकावण्याची सोय नव्हती, म्हणून मेलेल्यांना विचारायचे.

ती सोय झाली आणि लगेच धांदल उडाली. 7 फेब्रुवारी 1896 या एकाच तारखेला अटलांटिकच्या दोन्ही काठांवर रुग्णांची चित्रे घेतली गेली. लिव्हरपूलमध्ये रॉबर्ट जोन्स हे शल्यविशारद मनगटात छर्रा घुसलेल्या एका मुलाला घेऊन भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या प्रयोगशाळेत गेले. माँट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठाचे जॉन कॉक्स यांनी नाताळच्या दिवशी पायात गोळी लागलेल्या एका तरुणाच्या नडगीचे चित्र घेतले. त्याला पंचेचाळीस मिनिटे लागली. गोळी नडगीच्या दोन हाडांच्या मधे चपटी होऊन बसलेली दिसली. ती काढली गेली आणि ते चित्र पुढे फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले गेले. म्हणजे माँट्रियललाही पाय आणि न्यायालय. नवे यंत्र एकाच वेळी दवाखान्यात आणि कोर्टात शिरले, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्याचा मोह पुढे जो सुटला नाही त्याचे मूळ इथे आहे.

यातले जोन्स पायाच्या इतिहासात सहा वर्षांनी पुन्हा येतात, तेही रुग्ण म्हणून. एका मेळाव्यात तंबूच्या खांबाभोवती नाचताना त्यांची टाच उचललेली होती आणि शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला. कडेला काहीतरी तुटल्यासारखे वाटले. त्यांचा संशय स्नायूच्या दोरीवर, म्हणजे कंडरेवर होता. लंगडत ते सहकारी डॉ. डेव्हिड मॉर्गन यांच्याकडे गेले आणि पायाचे चित्र काढायला सांगितले. करंगळीच्या मागचे लांब हाड बुडापासून सुमारे पाऊण इंचावर मोडले होते. हे हाड काही जड वस्तू थेट पावलावर पडली तरच मोडते असा तोवर सर्वसाधारण समज होता. नुसत्या पाय वळण्याने तेच हाड मोडू शकते, हे जोन्स यांनी 1902 च्या निबंधात आपल्या आणि आणखी काही रुग्णांच्या दाखल्यांनी मांडले. पॉट यांच्या उलट, इथे 'जोन्सचा अस्थिभंग' खरोखर जोन्स यांचाच होता. त्या जागी रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते हाड जुळायला कुरकुर करते. आजच्या खेळाडूंना हे नाव ऐकून धडकी भरते ती त्यामुळे.

जोन्स मोठे डॉक्टर. त्यांच्या पायावर कुणी अविश्वास दाखवला नसता. शिपायांचे तसे नव्हते. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन करून ठेवले होते. ना मार, ना पडणे, ना जखम. शिपाई चालत होता आणि चालता चालता त्याचा चवडा दुखू लागला. ब्राइटहाउप्ट यांना वाटले, दोरीभोवतालच्या आवरणाला सूज आली असावी. कूच टाळायला शिपाई कारणे शोधतात हे प्रत्येक सैन्यातले जुने गृहीतक. दिसेल अशी जखम नसलेल्या पायाला त्यात सहानुभूती मिळणे अवघडच. चाळीस वर्षे हे कोडे तसेच राहिले. 1897 साली श्टेखो यांनी अशा पायांवर क्ष-किरण टाकले तेव्हा चवड्यातली लांब हाडे मोडलेली दिसली. एका घावाने न मोडता, हजारो पावलांच्या हलक्या हलक्या आघातांनी मोडलेली. शिपाई खरे बोलत होते.

त्याच सुमारास हे यंत्र आपल्या उपखंडातल्या लढाईतही आले. 1897-98 च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत, सर्जन-मेजर बीव्हर यांनी क्ष-किरणयंत्र नेऊन जखमींची चित्रे घेतली. तिथे शोध मुख्यतः गोळ्यांचा होता. तरी रणांगणाजवळ क्ष-किरण वापरता येतात, हे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

पायाचे चित्र हा खेळ कसा झाला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्या महायुद्धात जेकब लो या अमेरिकी डॉक्टरने शिपायांचे बूट न काढता पाय तपासता यावेत म्हणून एक यंत्र तयार केले. युद्ध संपल्यावर तेच त्याने बुटांच्या दुकानांसाठी बदलून घेतले. लाकडी पेटीच्या तळाशी फट. मुलाने नव्या बुटासकट पाय आत घालायचा. वर पाहायला तीन झरोके: एक गिऱ्हाइकाला, एक आईबापांना, एक विक्रेत्याला. हिरवट उजेडात बुटाच्या खिळ्यांमधे हलणारी आपलीच बोटे पाहायला मुले दुकानात पुन्हा पुन्हा जात. अमेरिकेत अशी सुमारे दहा हजार यंत्रे होती, ब्रिटनमध्ये सुमारे तीन हजार. त्यातून बूट नीट बसतो की नाही हे कळायला मदत होत होती का, तर हाताने चाचपून कळते त्याहून जास्त नाही. धोका मात्र खरा होता, विशेषतः दिवसभर त्या पेटीशेजारी उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांना. 1957 साली पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यावर बंदी घातली आणि हळूहळू ती दुकानांतून गेली. मला या पेटीत भविष्याची चाहूल दिसते. हाताने जे कळते तेच यंत्राने 'दिसले' की गिऱ्हाईक निश्चिंत होते आणि विक्रेत्याला बोलावे लागत नाही.

दवाखान्यात तेच घडले, फक्त दीर्घ काळात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्ष-किरणयंत्र प्रत्येक मोठ्या इस्पितळात पोचले, चित्राला लागणारा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. मुरगळलेला घोटा घेऊन आलेल्या माणसाला 'काढून तर बघू' म्हणून आधी चित्राला पाठवायचे आणि मग तपासायचे, असा क्रम रूढ झाला. आपल्याकडे आजही तो आहे. बसथांब्यावरच्या तुटक्या फरशीने माझाही पाय असाच वळला होता, तेव्हा कुणी घोट्याला बोटही लावायच्या आत हातात क्ष-किरण विभागाची चिठ्ठी आली. डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण मिस फॉलियटच्या खटल्यापासून चित्र हा पुरावा झाला होता. आणि पुरावा हाताशी असताना तो न घेतलेला डॉक्टर कोर्टात अडचणीत येतो. रुग्णालाही 'फोटो' काढल्याशिवाय आपले दुखणे मानले गेल्यासारखे वाटत नाही. घोट्याच्या एका चित्रातला किरणोत्सर्ग नगण्य असतो, निसर्गातून काही तासांत अंगावर पडतो तेवढाच. खर्च पैशांचा आणि ताटकळण्याचा. आणि तपासणाऱ्या बोटांचा सराव सुटतो, तोही एक खर्चच.

या सवयीला धक्का दिला तो कॅनडातूनच, माँट्रियलपासून फारशा दूर नसलेल्या ओटावा शहरातून. तिथल्या इस्पितळांतील तातडीच्या विभागांत काम करणारे इयन स्टील आणि त्यांचे सहकारी यांनी पाहिले की मुरगळलेल्या घोट्यांपैकी बहुतेकांचे चित्र काढले जाते आणि महत्त्वाची मोड निघते ती शंभरात पंधराहून कमी जणांत. मग त्यांनी एक साधे, कष्टाचे काम केले. 750 प्रौढ रुग्णांना डॉक्टरांनी चित्र पाहण्याआधी हाताने तपासले आणि बत्तीस गोष्टी नोंदवल्या: कुठे दुखते, कुठे सूज आहे, कुठे दाबले की कळ येते, चालता येते का, वय किती. काही रुग्णांना दोन डॉक्टरांनी वेगवेगळे तपासले. ज्या खुणेवर दोघांचे एकमत होत नाही ती भरवशाची नाही. नंतर चित्रांशी मेळ घातला. 1992 साली त्यातून जे निघाले त्याला 'ओटावा घोटा नियम' म्हणतात.

नियम हाताच्या बोटांवर मावतो. घोट्याच्या भागात दुखत असेल तर बाहेरच्या घोट्याची मागची कड आणि टोक, खालच्या सहा सेंटिमीटरांत, दाबून बघा. आतल्या घोट्याचेही तसेच. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर करंगळीच्या मागच्या लांब हाडाचे बूड दाबा, म्हणजे जोन्स यांच्या मोडीच्या शेजारची जागा. आणि आतल्या बाजूचे होडीच्या आकाराचे हाड दाबा. या हाडांवर कळ येत नसेल, आणि दुखापतीनंतर लगेच किंवा तपासणीच्या वेळी रुग्ण चार पावले टाकू शकत असेल, लंगडत का होईना, तर चित्राची गरज नाही. एवढेच.

नियमात काय नाही, ते मला अधिक वाचनीय वाटते. सूज नाही. काळानिळा रंग नाही. घरोघरी ज्यावरून 'मोडलंय बहुतेक' असे ठरते त्या दोन्ही गोष्टी हिशेबात टिकल्या नाहीत. पहिल्या आवृत्तीत पंचावन्न वर्षांवरच्यांसाठी वयाची अट होती, ती पुढच्याच वर्षी सुधारताना गळली. आणि तीन मिलिमीटरपर्यंतचा टवका उडाला असेल तर त्याला महत्त्वाची मोड मानलेलेच नाही, कारण त्याचे उपचार मुरगळण्यासारखेच असतात. हाड मोडले आहे, पण 'मोडले' म्हणायचे नाही! मोड म्हणजे काय हे इथे चित्र ठरवत नाही. पुढे काय करायचे त्यावरून ते ठरते.

1994 साली नियम प्रत्यक्ष लागू करून पाहिला तेव्हा त्या इस्पितळात घोट्याच्या चित्रांचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटले. मोड नसलेल्यांपैकी ज्यांचे चित्र काढले नाही ते सरासरी 80 मिनिटांत घरी गेले. ज्यांचे काढले त्यांना 116 मिनिटे लागली. 2003 साली निरनिराळ्या ठिकाणचे 27 अभ्यास आणि पंधरा हजारांहून जास्त रुग्ण एकत्र घेऊन पाहिले तेव्हाही नियमाने मोड निसटू देण्याचे प्रमाण फारच अल्प निघाले. उलट बाजूने तो सढळ आहे. ज्यांना तो चित्राला पाठवतो त्यांतल्या बहुतेकांचे हाड शाबूत असते. ती त्याची उणीव नाही. त्याचे काम मोड ओळखण्याचे नाहीच, मोड नसलेल्याला निर्धास्तपणे घरी पाठवण्याचे आहे.

हे वाचताना माझ्या आजोळचा हाडवैद्य आठवल्याशिवाय राहिला नाही. तोही घोट्याच्या मागच्या कडेवर अंगठा रोवायचा आणि कळवळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचा; पायाकडे नाही. मग 'उभा राहा बघू' म्हणायचा. पण 'आमच्याकडे हे आधीच होते' असा निष्कर्ष त्यातून काढायला मी तयार नाही. त्याचा अंगठा किती वेळा चुकला याची नोंद कुणी ठेवली नाही. मोडलेल्या हाडावर चोळून आणि कामट्यांनी करकचून बांधून हाडवैद्यांनी पाय गमावायला लावल्याची उदाहरणे आपल्या शल्यचिकित्सकांना भरपूर माहीत आहेत. ओटावात वेगळे घडले ते अंगठ्याच्या बाबतीत नव्हे, 750 वेळा अंगठा लावून प्रत्येक वेळी चित्राशी पडताळण्याच्या बाबतीत. चित्राशिवाय काम भागवणारा नियम चित्रांशिवाय तयार होऊच शकला नसता.

शिवाय चित्रही सर्वसाक्षी नाही. ब्राइटहाउप्टच्या शिपायांची ती मोड सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या चित्रात बहुधा दिसतच नाही. हाड जुळू लागते, भोवती नवे हाड धरते, तेव्हा ती उमटते. पावलाच्या मध्यावरचे सांधे जरासे फाकलेले असतील तर झोपवून घेतलेल्या चित्रात ते निसटतात, पायावर उभे करून घेतलेल्या चित्रात दिसतात. 'फोटो नॉर्मल आहे' हे ऐकून कामावर परत धाडलेले किती पाय नंतर खरे ठरले असतील!

नियम करणाऱ्यांनी त्याच्या मर्यादा आधीच सांगून ठेवल्या होत्या. तो प्रौढांसाठी होता. दारू प्यालेल्याला, शुद्धीवर नसलेल्याला, दुसरीकडे मोठी जखम असलेल्याला तो लावू नये. आणि ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यालाही लावू नये. या शेवटच्या वर्गात आपल्याकडे प्रामुख्याने येतात ते मधुमेही. शार्को या फ्रेंच वैद्याने 1868 साली मज्जारज्जूच्या आजारात संवेदना गेलेल्यांचे सांधे न दुखता कसे ढासळतात ते दाखवले होते. मधुमेहाशी त्याचे नाते 1936 साली जॉर्डन यांनी मांडले. अशा माणसाचे पाऊल लाल होते, गरम लागते, फुगते. तो चार पावले सहज टाकतो. चाळीसही टाकतो. दाबले तर म्हणतो, काही नाही. आत हाडे मोडत असतात आणि तो त्यांच्यावरूनच चालत असतो. त्याच्या 'दुखत नाही' या शब्दावर विसंबता येत नाही. त्याला बूट-मोजे दोन्ही काढायला लावायचे, दोन्ही पावलांवर तळहात ठेवून कोणते जास्त गरम आहे ते बघायचे, आणि मग 1896 साली मिस फॉलियटचे घेतले होते तसे, दोन्ही पायांचे चित्र घ्यायचे.